भाच्याचं घरकर्ज शेवटच्या आठवड्यात का अडलं

एडिसनच्या एका ताईंचा प्रश्न असा आहे. त्यांचा भाचा न्यू जर्सीतल्या एका परवानाधारक गांजा कंपनीत लागवड विभागात पगारी नोकर आहे. जन्माने अमेरिकी नागरिक, तीन वर्षं एकच नोकरी, क्रेडिट स्कोअर ७६०. प्री-अप्रूव्हल, म्हणजे कर्जाची प्राथमिक मंजुरी, मिळालं, घर ठरलं, बयाणा दिला आणि क्लोजिंगला, म्हणजे घर नावावर होण्याला, आठ दिवस उरले असताना कर्ज नामंजूर झालं. कर्ज देणाऱ्या संस्थेने फोनवर एवढंच सांगितलं की ‘एम्प्लॉयर चालत नाही’. त्याची बायको शाळेत शिक्षिका आहे. ताई विचारतात, हा भेदभाव नाही का? आता काय करायचं? आणि त्याच कंपनीत ग्रीन कार्डवर काम करणाऱ्या त्याच्या मित्राला घर घेता येईल का?

ताई, आधी बयाण्याचं बघा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. खरेदीच्या करारात सहसा मॉर्गेज कंटिन्जन्सीचं कलम असतं. ठरलेल्या तारखेपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही, तर त्या कलमाच्या आधारे खरेदीदाराला करारातून बाहेर पडून बयाणा परत मागता येतो. ती तारीख उलटून गेली का, हे भाच्याने आजच्या आज वकिलाला विचारावं. उलटली नसेल तर मुदतवाढ लेखी मागून घ्यावी. फोनवर मिळालेल्या नकाराचा इथे काही उपयोग नाही, नामंजुरीचं पत्र हातात हवं. ते देणं कर्ज देणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे. १९७४ च्या समान पतसंधी कायद्याप्रमाणे पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत निर्णय कळवावा लागतो. नकार असेल तर त्याची नेमकी कारणं पत्रात द्यावी लागतात, किंवा ६० दिवसांत मागितलीत तर कारणं सांगू असं लिहावं लागतं. ‘आमच्या अंतर्गत निकषांत बसत नाही’ हे कारण कायद्याला पुरत नाही. मुळात या सगळ्या प्रकरणात तो कागद फार मोलाचा आहे. त्याच्याकडे नंतर परत येतो.

मी अठरा वर्षं मॉर्गेजच्या कामात आहे. आधी डेन्व्हरमध्ये होतो, आता न्यू जर्सीत आहे. त्यातला बराच काळ अंडररायटिंगच्या टेबलावर गेला, म्हणजे जिथे फाइल मंजूर होते किंवा परत जाते तिथे. कोलोरॅडोने नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदान करून गांजा कायदेशीर केला, १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली, आणि वर्षभरात अशा फाइल माझ्यासमोर यायला लागल्या. पहिली फाइल मला अजून आठवते. गांजाची फुलं कात्रीने साफ करण्याचं काम करणारी एक बाई, दोन मुलांची आई. सगळी बिलं वेळेवर, एकही हप्ता चुकलेला नाही. मी ज्या संस्थेत होतो तिच्या धोरणात ‘संघराज्याच्या कायद्याने बेकायदेशीर स्रोत’ असं एक वाक्य होतं, आणि त्या वाक्यावर बोट ठेवून मी तिला नकार लिहिला. फाइलमध्ये दुसरी कसलीही खोट नव्हती. त्या सहीची बोच अजून आहे. म्हणूनच हे उत्तर एवढं लांबणार आहे.

आता भेदभावाचं. मनाने विचाराल तर हो, हा अन्याय आहे. कायद्याने विचाराल तर ‘भेदभाव’ हा शब्द इथे लागू होत नाही. समान पतसंधी कायदा वंश, वर्ण, धर्म, मूळ देश, लिंग, वैवाहिक स्थिती आणि वय यांच्यावरून कर्ज नाकारायला बंदी करतो. सरकारी मदतीवर जगणाऱ्यालाही त्या कारणाने नाकारता येत नाही. पण त्या यादीत व्यवसाय नाही. कोणी कुठे काम करतो, यावरून कर्ज देणारा नाही म्हणू शकतो. त्यामुळे भाच्याने भेदभावाची तक्रार करण्यात शक्ती घालवू नये. कारण लेखी दिलं नाही, उशिरा दिलं किंवा मोघम दिलं, तर मात्र ती तक्रार पक्की असते आणि ग्राहक वित्त संरक्षण विभागाकडे, म्हणजे सीएफपीबीकडे, ती जरूर करावी.

मूळ गाठ १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्यात आहे. त्या कायद्याने गांजाला हेरॉइनच्या रांगेत, पहिल्या अनुसूचीत बसवलं. पुढे राज्याराज्यांनी आपापल्या कायद्याने दारं उघडली. कॅलिफोर्नियाने औषधासाठी १९९६ मध्येच उघडली होती, न्यू जर्सीत प्रौढांसाठी विक्री २१ एप्रिल २०२२ ला सुरू झाली. संघराज्याचा कायदा मात्र राज्याच्या परवान्याला ओळखत नाही. त्या कायद्याच्या नजरेत भाच्याच्या कंपनीचा गल्ला म्हणजे गुन्ह्यातून आलेला पैसा, आणि त्यातून दिलेला पगार त्याच पैशाचा एक भाग. मनी लाँडरिंगच्या कायद्यातलं एक कलम तर असं आहे की, अशा स्रोतातले १०,००० डॉलरहून जास्त पैसे जाणूनबुजून बँकेतून फिरवणं हाच गुन्हा. घराचं डाउन पेमेंट बहुतेक वेळा त्या आकड्याच्या वर जातं. कर्ज देणाऱ्या संस्थेचा वकील हे कलम वाचतो आणि घाबरतो. परवानाधारक कंपनीतल्या पगारदाराला घरकर्ज दिलं म्हणून कर्ज देणाऱ्यावर खटला झालेला मी माझ्या कारकिर्दीत पाहिलेला नाही. तरीही ती भीती फाइलवर बसलेली असतेच.

मला सगळ्यात जास्त टोचते ती गोष्ट वेगळीच आहे. त्याच पगारातून संघराज्य सरकार सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के दर पगाराला कापून घेतं. आयकर घेतं. डब्ल्यू-2, म्हणजे कंपनीने दिलेला वर्षभराच्या पगाराचा आणि कराचा दाखला, स्वीकारतं. आणि त्याच सरकारच्या गृहनिर्माण खात्याची हँडबुक सांगते की एफएचए, म्हणजे सरकारी विम्याच्या, कर्जासाठी उत्पन्न ‘कायदेशीर मार्गाने मिळालेलं’ असेल तरच धरायचं. करासाठी हा पगार चालतो, घरासाठी चालत नाही. या उद्योगात देशभर चार लाखांहून जास्त लोक काम करतात. त्यातले बहुसंख्य मालक नाहीत. ते काउंटरवर उभे राहतात, रोपांना पाणी घालतात, पाकिटांवर लेबल लावतात, प्रयोगशाळेत नमुने तपासतात.

रोजच्या पतव्यवहारापासून सुरुवात करू, कारण घरकर्जाच्या आधीच अनेकांची गाडी तिथे रुळावरून घसरते. क्रेडिट कार्ड किंवा गाडीचं कर्ज मिळायला सहसा अडचण येत नाही. तिथे उत्पन्नाचा आकडा आणि स्कोअर पाहतात, कंपनी काय विकते हे बहुतेक वेळा कोणी खोदून विचारत नाही. खरा धोका बँक खात्याचा आहे. वित्त गुन्हे विभागाने, म्हणजे फिनसेनने, १४ फेब्रुवारी २०१४ ला मार्गदर्शिका काढली. गांजाच्या धंद्याचं खातं ठेवायचं तर बँकेने त्या खात्याबद्दल संशयास्पद व्यवहाराचे अहवाल पाठवत राहायचं. या अहवालांचे तीन प्रकार आहेत: सगळं ठीक असेल तर एक, काही खटकलं तर दुसरा, खातं बंद केलं तर तिसरा. ही मार्गदर्शिका धंद्यांसाठी आहे. पगारदाराच्या खात्याचं काय करायचं, हे प्रत्येक बँक आपल्या मनाने ठरवते. काही बँका पगार जमा होऊ देतात, काही पगार देणाऱ्या कंपनीचं नाव बघून खातंच बंद करतात. अहवाल पाठवला की नाही, हे खातेदाराला सांगायला बँकेला कायद्याने बंदी आहे, म्हणून बंदच्या पत्रात कारणच नसतं.

खातं बंद झालं की पुढची साखळी सुरू होते. ऑटो-पे थांबतो, कार्डाचा हप्ता चुकतो, ३० दिवस उलटले की क्रेडिट रिपोर्टवर डाग पडतो, आणि तो डाग सात वर्षं राहतो. माझ्याकडे आलेल्या अशा कित्येक लोकांचा स्कोअर त्यांच्या चुकीमुळे पडलेला नव्हता, खातं अचानक बंद झाल्यामुळे पडला होता. म्हणून या उद्योगात काम करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच आग्रह करतो: दोन वेगवेगळ्या संस्थांत दोन खाती ठेवा. त्यातलं एक राज्यातल्या अशा क्रेडिट युनियनमध्ये ठेवा, जी गांजा कंपन्यांची खाती उघडपणे सांभाळते. ज्यांना या उद्योगाची सवय झाली आहे, तिथला माणूस पगाराची स्लिप बघून दचकत नाही. अशा संस्था मोजक्या आहेत, आणि त्या उभ्या राहणंही सोपं नव्हतं. कोलोरॅडोने २०१४ मध्ये फक्त या उद्योगासाठी एका क्रेडिट युनियनला सनद दिली होती. कॅन्सस सिटीच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने तिला मास्टर अकाउंट, म्हणजे बँकांमधल्या देवघेवीसाठी लागणारं फेडरल रिझर्व्हमधलं खातं, नाकारलं, भांडण २०१७ मध्ये अपील न्यायालयापर्यंत गेलं, आणि ज्या कामासाठी तिचा जन्म झाला होता ते काम काही तिला करता आलं नाही.

रोख पगाराबद्दल थोडं थांबून सांगतो. आता बहुतेक मोठ्या कंपन्या पगार थेट खात्यात भरतात, पण लहान लागवडींवर अजून पाकिटातून नोटा मिळतात. अशा माणसाने दोन गोष्टी पाळाव्यात. १०,००० डॉलरच्या वर रोख भरली की बँक सरकारला कळवते, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ते कळवणं टाळायला रक्कम तोडून आज ४,०००, परवा ४,००० असं भरणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, मग पैसा कितीही स्वच्छ असो. आमचे काही लोक निव्वळ भिडस्तपणापायी हे करतात आणि नको तिथे अडकतात. दुसरं, घरी साठवलेली रोकड डाउन पेमेंटला सहसा चालत नाही. खरेदीच्या कर्जाला दोन महिन्यांची स्टेटमेंट मागतात, आणि महिन्याच्या पात्र उत्पन्नाच्या निम्म्याहून मोठी जमा दिसली तर ती कुठून आली ते कागदाने दाखवावं लागतं. म्हणून पगार मिळेल त्याच आठवड्यात, पूर्ण, स्लिपच्या आकड्याशी जुळेल असा भरावा. घरभाडं रोख देत असाल तर मनी ऑर्डरने द्यायला लागा आणि पावत्या जपा. क्रेडिटचा इतिहास कमी असेल तेव्हा वर्षभराच्या त्या पावत्या मी स्वतः फाइलला लावलेल्या आहेत, आणि त्यांनी काम केलं आहे.

आता घरकर्ज. इथे एकच एक नियम नाही, कर्जाच्या जातीप्रमाणे दार बदलतं.

एफएचएचं वर सांगितलं. ५८० चा स्कोअर आणि ३.५ टक्के डाउन पेमेंटवर घर देणारी हीच योजना पहिल्यांदा घर घेणाऱ्या कमी पगाराच्या माणसासाठी असते, आणि तीच या लोकांना बंद आहे. माजी सैनिकांच्या व्हीए कर्जाची कहाणी आणखी जिव्हारी लागणारी आहे. २०१९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका माजी सैनिकाला, तो राज्यात कायदेशीर असलेल्या गांजा उद्योगात काम करतो म्हणून, हे कर्ज नाकारलं गेलं. त्याच्या भागाच्या खासदार कॅथरीन क्लार्क यांनी तो प्रश्न काँग्रेसमध्ये नेला. पुढे व्हीएकडून उत्तर आलं की आमच्या नियमांत अशी बंदी लिहिलेली नाही, पण असं उत्पन्न स्थिर आणि भरवशाचं आहे का हे ठरवणं कर्ज देणाऱ्यांना अवघड जातं. म्हणजे सरकार म्हणतं आम्ही अडवत नाही, कर्ज देणारा म्हणतो सरकारने स्पष्ट सांगितलं नाही, आणि देशासाठी लढून आलेला माणूस मधल्या मध्ये उभा.

उरलं नेहमीचं कन्व्हेन्शनल कर्ज, जे पुढे फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या सरकारी पाठबळाच्या संस्था विकत घेतात. भाच्याचं बहुतेक हेच असणार. त्याचं कामकाज समजून घ्या, म्हणजे शेवटच्या आठवड्यात काय झालं ते कळेल. कर्ज देणारी संस्था आज पैसे देते आणि थोड्या दिवसांत ते कर्ज पुढे विकते. विकताना ती लेखी हमी देते की फाइल सगळ्या नियमांत बसते. उद्या हमी खोटी ठरली तर कर्ज परत विकत घ्यावं लागतं. ही परतीची भीती प्रत्येक संस्थेची वेगळी. डब्ल्यू-2 पगारदाराची फाइल काही संस्था कसलीही खळखळ न करता घेतात, काही मालकाची घेत नाहीत पण नोकराची घेतात, काही दोघांचीही नाही. ही अट कधी छापील धोरणात असते, कधी फक्त अंडररायटिंगच्या प्रमुखाच्या डोक्यात. लोन ऑफिसरला ती माहीत नसते. तो स्कोअर आणि पगार बघून प्री-अप्रूव्हल देतो. नोकरीची खातरजमा क्लोजिंगच्या तोंडावर पुन्हा होते, तेव्हा कोणी तरी कंपनीचं नाव शोधून बघतं आणि फाइल थांबते. भाच्याच्या बाबतीत हेच झालं असणार. दोष त्याच्या क्रेडिटमध्ये नाही. चुकीच्या संस्थेकडे गेला आणि ती चुकीची आहे हे सांगायला तिने दोन महिने घेतले, एवढंच.

या सगळ्यांत न बसणाऱ्यांसाठी नॉन-क्यूएम, म्हणजे नेहमीच्या सरकारी निकषांबाहेरचं, कर्ज आहे, आणि काही लहान बँका आपल्याच वहीत ठेवतात ती पोर्टफोलिओ कर्जं. मिळतात, पण व्याज जास्त आणि डाउन पेमेंट भरपूर. जिथे ३ टक्क्यांत काम झालं असतं तिथे १५-२० टक्के मागतात. ताशी पगारावर रोपं छाटणाऱ्याला एवढी रक्कम जमवायला किती वर्षं लागतील? तोवर तो भाडं भरत राहतो, आणि ज्या गावच्या शाळा त्याच्या उद्योगाच्या करातून चालतात त्या गावात त्याचं घर होत नाही. ज्याच्याकडे कमी आहे त्याच्याकडूनच जास्त मागायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

इथे आपल्या माणसांबद्दल एक बोलायलाच हवं. गावाकडे ‘मुलगा काय करतो’ विचारलं की आईवडील ‘औषधाच्या कंपनीत आहे’ असं सांगतात. मी समजू शकतो. आपल्याकडे गांजा म्हटलं की एनडीपीएस कायदा आणि पोलीसच डोळ्यांसमोर येतात, कोल्हापुरातल्या आजीला न्यू जर्सीचा परवाना कसा समजावणार? पण घरात लागलेली ही लपवायची सवय अर्जावर उतरते. ‘कंपनी काय करते’ या प्रश्नापुढे लोक ‘शेती’ किंवा ‘वेलनेस’ लिहितात. कधी कधी पगार एखाद्या साध्या नावाच्या मॅनेजमेंट कंपनीकडून येतो, तेव्हा तर मोह आणखी वाढतो. डब्ल्यू-2 वर जे नाव आहे ते लिहिण्यात काही चूक नाही. पण धंदा काय, असं विचारल्यावर खोटं सांगू नका. कर्जाच्या अर्जावर जाणूनबुजून खोटं लिहिण्याची शिक्षा ३० वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख डॉलरपर्यंत दंड आहे. खरं सांगितलं तर फार तर नकार मिळतो, आणि नकारानंतर दुसरीकडे जाता येतं.

मालकीबद्दल सावध राहा. या कंपन्या चांगल्या माणसाला टिकवायला थोडे शेअर देऊ करतात. भाच्याला दिले तर आनंदाने घेण्याआधी विचारा. २५ टक्के किंवा जास्त वाटा असला की कर्जाच्या हिशेबात तो स्वयंरोजगारी धरला जातो, आणि काही संस्था तर एक टक्क्यालाही ‘मालक’ म्हणून नकार देतात. शिवाय मालकाच्या कागदांवर आयकर कायद्याच्या २८०-ई कलमाची सावली असते. १९८२ च्या या कलमाने पहिल्या-दुसऱ्या अनुसूचीतल्या पदार्थांच्या धंद्याला भाडं, पगार असे नेहमीचे खर्च करातून वजा करता येत नाहीत. घर घ्यायचं असेल तर क्लोजिंग होईपर्यंत साधा पगारदार राहणंच सोयीचं.

आता शिक्षिका सूनबाईंकडे वळू, कारण सगळ्यात जवळचा रस्ता तिथून जातो. त्यांच्या एकट्या पगारावर कर्ज बसतं का ते आधी तपासा. कन्व्हेन्शनल कर्जात संगणकाच्या मंजुरीने महिन्याची सगळी देणी उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत चालू शकतात. कर्ज त्यांच्या एकटीच्या नावावर आणि घर दोघांच्या नावावर, असं करता येतं. भाच्याची सही काही कागदांवर लागेल, पण त्याचं उत्पन्न मोजलं जाणार नाही. न्यू जर्सीत असल्याचा इथे फायदा आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, नेवाडा, ॲरिझोना यांसारख्या राज्यांत नवराबायकोची मिळकत कायद्याने सामाईक असते, आणि तिथे एफएचए कर्ज घेताना कर्जात नसलेल्या जोडीदाराची देणीही मोजतात. एक मेख मात्र आहे. डाउन पेमेंट सामाईक खात्यातून जाणार असेल तर स्टेटमेंटवर भाच्याच्या पगाराच्या जमा दिसणारच. सूनबाईंच्या एकटीच्या खात्यात त्यांच्या पगारातून साठलेले पैसे असतील तर तेच वापरा. नसतील तर लोन ऑफिसरला पहिल्याच दिवशी सांगा, आणि त्या संस्थेला ते चालतं का हे ईमेलवर घ्या. घाईने इकडचे पैसे तिकडे करू नका, त्याने फाइल आणखी संशयास्पद दिसते.

ग्रीन कार्डवरच्या मित्राचं उत्तर मी वेगळं देतो, कारण त्याच्यासाठी घरकर्ज हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न त्याच्या इथे राहण्याचा आहे. १९ एप्रिल २०१९ ला नागरिकत्व खात्याने, म्हणजे यूएससीआयएसने, धोरण जाहीर केलं की गांजा उद्योगातली नोकरी, राज्यात ती कायदेशीर असली तरी, नागरिकत्वासाठी लागणाऱ्या चांगल्या वर्तणुकीच्या अटीला आड येऊ शकते. त्याच सुमारास डेन्व्हरमध्ये अशा नोकरीवरून नागरिकत्व नाकारल्याची प्रकरणं शहराच्या महापौरांनी जाहीरपणे उचलली होती, म्हणून आम्ही तिथले लोक ते विसरलो नाही. नागरिकत्वाचा अर्ज केला नाही म्हणून तो सुरक्षित आहे असंही नाही. गणपतीला पुण्याला जाऊन परत येताना नेवार्कच्या विमानतळावर ‘काम काय करता’ असा साधा प्रश्न येतो, आणि त्याच्या उत्तरावरून अमली पदार्थांच्या व्यापाराचं कलम लागू होऊ शकतं. त्याने घर बघायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटावं. अनुभवी वकील बघावा, ओळखीतला फॉर्म भरून देणारा नको. कर्जाचा अर्ज म्हणजे आपल्या सहीने आपल्या नोकरीचा लेखी पुरावा तयार करणं, आणि तो कागद कायम राहतो. मी लोन ऑफिसर असूनही सांगतो, त्या मित्राने वकिलाचं मत मिळेपर्यंत अर्ज करू नये. एच-१बी वरच्या मुलामुलींनी तर ही नोकरी, कितीही चांगली वाटली तरी, धरू नये.

आणखी एक गोष्ट भाच्याला नीट समजावून सांगा, कारण ती कोणीच सांगत नाही. कर्ज डोईजड झालं तर सामान्य माणसाला दिवाळखोरीचा शेवटचा आसरा असतो. या उद्योगातल्या माणसाला तो असेलच असं नाही. २०१५ मध्ये कोलोरॅडोतल्या परवानाधारक लागवड करणाऱ्या जोडप्याला दहाव्या सर्किटच्या दिवाळखोरी अपील मंडळाने दार बंद केलं. ते निदान मालक तरी होते. २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या दिवाळखोरी न्यायालयाने एका साध्या पगारदाराचं, परवानाधारक कंपनीत नोकरी करणाऱ्याचं, चॅप्टर १३ चं, म्हणजे हप्त्यांनी देणी फेडायच्या दिवाळखोरीचं, प्रकरण फेटाळलं, कारण हप्ते त्या पगारातून जाणार होते. म्हणून जेवढं मंजूर होईल तेवढं घ्यायचं नाही. मी अशा कुटुंबांना सांगतो की हप्ता एकाच्या, उद्योगाबाहेरच्या पगारावर निभेल एवढाच ठेवा, आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय सही करू नका.

कायदा बदलेल का, असंही लोक विचारतात. कोलोरॅडोचे खासदार एड पर्लमटर यांनी २०१३ पासून यावर विधेयकं आणली. सेफ बँकिंग नावाने ते विधेयक प्रतिनिधीगृहात सात वेळा मंजूर झालं. २०१९ मध्ये ३२१ विरुद्ध १०३, म्हणजे दोन्ही पक्षांची मतं होती. सिनेटमध्ये ते दरवेळी अडकलं. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याचीच सुधारित आवृत्ती सिनेटच्या बँकिंग समितीतून १४ विरुद्ध ९ मतांनी पुढे सरकली, पण सभागृहात मताला आली नाही. या आवृत्तीत भाच्याच्या कामाचं कलम होतं: सरकारी पाठबळ असलेल्या घरकर्जात या उद्योगाचं उत्पन्न इतर कायदेशीर उत्पन्नासारखंच धरायचं. माझ्या मते तेवढं एक कलम स्वतंत्रपणे मंजूर करायला हवं होतं. बँकांच्या सोयीची लढाई पुढे चालली आणि नोकरदार मागे राहिला.

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ‘न्याय्य बँकिंग’चा आदेश काढला तेव्हा मला बरेच फोन आले. त्यात संरक्षण ‘कायदेशीर’ धंद्यांना आहे, आणि सगळं घोडं त्या शब्दापाशीच अडलेलं आहे. गांजाला तिसऱ्या अनुसूचीत हलवण्याचा प्रस्ताव न्याय खात्याने मे २०२४ मध्ये मांडला. वर्ग बदलला तर २८०-ई चं ओझं उतरतं, मालकाला श्वास घेता येतो. पण तिसऱ्या अनुसूचीतला पदार्थही औषध प्रशासनाच्या मंजुरीशिवाय आणि चिठ्ठीशिवाय दुकानात विकणं संघराज्याच्या कायद्यात बसत नाही, त्यामुळे दुकानातल्या मुलीचा पगार आपोआप ‘कायदेशीर मार्गाने मिळालेला’ होत नाही. वर्तमानपत्रातला मथळा वाचून घर ठरवू नका.

तर भाच्याने आता काय करायचं? नामंजुरीचं पत्र आलं की त्यातलं कारण शब्दशः वाचा. ‘उत्पन्नाचा स्रोत’ किंवा ‘नोकरी’ असं असेल तर दुसऱ्या संस्थेत हीच फाइल जशीच्या तशी चालू शकते, स्कोअरला किंवा पगाराला हात लावायची गरज नाही. कारणात दुसरंच काही असेल, उदाहरणार्थ देणी जास्त, तर आधी ते दुरुस्त करा. क्रेडिट रिपोर्टवरून नकार दिला असेल तर ६० दिवसांत त्याची फुकट प्रत मिळते, ती मागवा. नवीन संस्था शोधताना ४५ दिवसांच्या आत सगळीकडे विचारलंत तर मॉर्गेजच्या चौकश्या स्कोअरमध्ये एकच धरल्या जातात, त्यामुळे तीन-चार ठिकाणी विचारायला घाबरू नका.

आणि लोन ऑफिसरशी पहिल्या फोनवर, नाव-पत्ता सांगायच्या आधी, हे बोला: “मी न्यू जर्सीचा परवाना असलेल्या गांजा कंपनीत डब्ल्यू-2 पगारदार आहे, माझा मालकीत वाटा नाही. तुमची संस्था हे उत्पन्न धरते का? तुमच्या अंडररायटिंग मॅनेजरला विचारून मला ईमेलवर कळवा.” जो ‘बघू, होऊन जाईल’ म्हणेल त्याच्याकडे अर्ज करू नका. जो दोन दिवस घेऊन लेखी ‘हो’ पाठवेल त्याच्याकडे करा, आणि तो ईमेल पगाराच्या स्लिपांबरोबर फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.